ट्रेलरला स्कर्टिंग : पाइप गोठू नयेत म्हणून नेमका किती खर्च?

सप्टेंबर सरत आला की डेन्व्हर, मिनियापोलिस, कॅल्गरी अशा गावांतून एकच प्रश्न येऊ लागतो : यंदाचा हिवाळा ट्रेलरमध्येच काढायचा आहे, तर खालून स्कर्टिंग करून घ्यावं का, आणि त्याला किती पैसे पडतील? विचारणाऱ्यांत घराचं बांधकाम रखडलेलं जोडपं असतं, तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर गावोगाव जाणारी नर्स असते, पवनचक्क्यांच्या प्रकल्पावर गेलेला इंजिनिअर असतो. दुकानदार पहिल्या भेटीतच अडीच हजार डॉलरचं व्हिनाइल दाखवतो. ट्रेलर पार्कातला शेजारी सांगतो, पेंढ्याच्या गासड्या रचून टाक, काम झालं. दोघांचंही ऐकण्याआधी थोडा हिशेब करू या. खालचे दर अमेरिकी डॉलरमध्ये आणि ढोबळ आहेत, दुकानागणिक फरक पडेल. कॅनडातल्या वाचकांनी साधारण एकतृतीयांश वाढवून धरावेत.

सगळ्यात आधी हे पक्कं करून घ्या, की स्कर्टिंग म्हणजे हीटर नव्हे. ट्रेलरची खालची कड आणि जमीन यांच्यामधली मोकळी जागा बंद करणारा तो आडोसा आहे. खालून सुसाटणारा वारा अडवायचा, आणि जमिनीतून वर येणारी व ट्रेलरच्या तळातून झिरपणारी थोडीशी ऊब तिथंच धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. बातम्यांत सांगतात ती ‘वाऱ्यासह जाणवणारी थंडी’ माणसाच्या कातडीची असते. हवा उणे १० सेल्सियस असेल तर पाइप उणे १० च्या खाली जात नाही. पण वारा असला की तो तिथवर फार लवकर पोचतो. म्हणून वारा अडवणं हा पहिला आणि सर्वांत स्वस्तात मिळणारा फायदा. पण जिथं ऊबच नाही, तिथं आडोसा काय धरून ठेवणार? उणे २५ च्या तीन रात्री लागोपाठ आल्या, तर नुसतं स्कर्टिंग केलेल्या ट्रेलरचेही पाइप गोठतात. त्यामुळे आधी वारा अडवा, मग खाली थोडी ऊब द्या, आणि दिसण्याचा विचार पैसे उरले तर करा.

थंडी किती पडली की धोका, याचा एक चांगला आधार आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात घरांच्या माळ्यावरचे उघडे पाइप बाहेर २० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या आसपास गोठायला लागतात असं आढळलं होतं. ट्रेलरचा तळ माळ्यापेक्षा कितीतरी उघडा, म्हणून मी २५ फॅरनहाइटलाच सावध व्हायला सांगते. ‘आमच्याकडे एवढी थंडी नसते’ असं दक्षिणेतल्यांनीही म्हणू नये. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलसमध्ये पारा उणे १९ सेल्सियसला गेला होता. डेन्व्हरला २२ डिसेंबर २०२२ ला उणे ३१ नोंदला गेला, आणि तोही आदल्या दिवशी तासाभरात कोसळत खाली आलेला. अशा दिवशी दुकानात फोमचा तुकडा मिळत नाही.

गोठलं तर काय बिघडतं? पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. हल्लीच्या ट्रेलरमधले पेक्स प्लास्टिकचे पाइप थोडेफार ताणले जातात. फुटतात ते जोड, पंपाचं डोकं, शॉवरचा नळ, पाण्याच्या गाळणीची वाटी. जोड दोन-चार डॉलरचा असतो, पण तो असतो शॉवरच्या मागच्या फळीआड, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारा कारागीर तासाला सव्वाशे ते दोनशे डॉलर घेतो, येण्या-जाण्याचे वेगळे. पंप शंभराच्या घरात. सांडपाण्याची टाकी तडकली तर हजार-दीड हजाराचा भुर्दंड. अनेक विमा पॉलिसींत गोठण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. तुमच्या पॉलिसीतलं ते कलम आजच काढून वाचा.

आता ज्यांनी स्कर्टिंग करूच नये, त्यांच्याविषयी. ट्रेलर हिवाळाभर नुसता उभा राहणार असेल, तर त्याच्याभोवती आडोसा उभारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सगळं पाणी काढून टाकायचं, गरम पाण्याची टाकी रिकामी करून बायपास करायची, आणि पाइपांत गुलाबी रंगाचं आरव्ही अँटीफ्रीझ फिरवायचं. ते पाच डॉलरला गॅलन मिळतं आणि दोन-तीन गॅलन पुरतं. दुकानातून करून घेतलं तर शंभर ते दोनशे. गाडीतलं हिरवं अँटीफ्रीझ मात्र चुकूनही वापरू नका, ते विषारी असतं.

फोमचा हिशेब

एका हिवाळ्यापुरतं राहायचं असेल, तर माझं मत ठाम आहे : फोम बोर्ड. बांधकामाच्या दुकानात गुलाबी किंवा निळे, ४ बाय ८ फुटांचे एक्सपीएस फोमचे ताव मिळतात. एक इंच जाडीचा ताव २५ ते ३० डॉलर, दोन इंचाचा ४५ ते ५५. उष्णता अडवण्याची ताकद इंचाला आर-५ धरतात. पांढरा थर्माकोलसारखा ईपीएस आर-४ च्या आसपास आणि थोडा स्वस्त.

तीस फुटी, आठ फूट रुंद ट्रेलर घेऊ. परीघ ७६ फूट. एक स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारा खोलीचा भाग, तीन फूट बाहेर येत असेल आणि तिला वळसा घालायचा असेल, तर सहा फूट वाढले : ८२ फूट. आता टेप घेऊन ट्रेलरची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, आणि एका ठिकाणी नाही, चारही कोपऱ्यांत मोजा, कारण पार्कातली जमीन क्वचितच सपाट असते. सगळीकडे २४ इंच किंवा कमी भरली, तर चार फुटी तावाच्या उभ्या दोन पट्ट्या निघतात आणि एक ताव १६ फूट अंतर झाकतो. म्हणजे सहा तावांत काम. उंची २६ इंच भरली, की लांबीच्या दिशेने कापलेल्या एका तावातून एकच पट्टी निघते, उरलेला तुकडा अर्धवट राहतो, आणि सहाचे अकरा ताव होतात. दोन इंचांसाठी खर्च जवळजवळ दुप्पट! अशा वेळी खाली जमिनीलगत माती किंवा खडीचा दोन-तीन इंचांचा बांध घातला तर पट्टी २४ इंचांत बसते. बांध तसाही घालायचाच असतो, कारण वारा सर्वांत जास्त शिरतो तो तळाच्या फटीतूनच.

उंची जास्तच आहे असं समजून एक इंची अकरा ताव आणि एक जादा, असे बारा धरले तर सव्वातीनशे-साडेतीनशे डॉलर. खुंट्या, दोन बाय दोनच्या लाकडी पट्ट्या, स्क्रू आणि चांगली टेप यांना शंभर. जमिनीवर अंथरायला ६ मिलचं प्लास्टिक साठ-सत्तर. एकूण पाचशेच्या आसपास. दोन इंची फोम घेतला तर सातशे-आठशे. कोलोराडो किंवा टेक्साससाठी एक इंच पुरतो. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, अल्बर्टा इथं दोन इंचच घ्या, तिथं वाचवलेले तीनशे डॉलर जानेवारीत महागात पडतात.

जमिनीवरचं प्लास्टिक बरेच जण गाळतात. गाळू नका. आडोसा केला की जमिनीतली ओल आत कोंडते, तळाला पाणी धरतं, आणि वसंतात तळाच्या लाकडाला बुरशी आलेली असते.

फोम कापायला करवत लागत नाही. पट्टी धरून कटरने अर्ध्या जाडीपर्यंत रेघ मारायची आणि गुडघ्यावर मोडायचा, सरळ तुटतो. ट्रेलरला चिकटवताना मात्र घाई नको. कडक टेप थेट रंगावर लावली तर मार्चमध्ये ती निघताना रंग आणि पट्टे घेऊन निघते. आधी रंगाऱ्यांची निळी टेप लावायची आणि तिच्यावर मजबूत टेप. ५० फॅरनहाइटच्या खाली टेप धड धरत नाही, म्हणून हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एखाद्या उन्हाच्या दुपारी उरकायचं. हातखंडा नसेल तर दोन माणसांना एक दिवस लागतो. मजुरी पाचशे ते नऊशे, म्हणजे मालाहून जास्त. दोन मित्रांना जेवायला बोलावून शनिवारी करण्यासारखं हे काम आहे.

सांडपाण्याच्या टाकीचे व्हॉल्व्ह जिथं असतात तिथली पट्टी काढता-घालता येईल अशी ठेवा. फर्नेसची धूर सोडणारी झडप आणि फ्रिजची जाळी कधीही झाकायची नाही.

व्हिनाइल, हवेचं, पेंढा

मापाने शिवलेलं व्हिनाइल तीस फुटी ट्रेलरला लावून घेतलं तर दोन ते साडेतीन हजार. स्वतः कापून चिकटवायचे संच हजार-दीड हजारात. हवा भरून फुगवायचे नळकांड्यांसारखे आडोसेही हल्ली मिळतात, दोन हजारांपासून पुढे. ते वीस मिनिटांत लागतात आणि निघतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी जागा बदलणाऱ्याला ते खरंच सोयीचे.

व्हिनाइल दिसायला नीटनेटकं, टिकाऊ, गुंडाळून ठेवता येतं. पण ते वारा अडवतं, थंडी फारशी अडवत नाही. पातळ कापडाला आर मूल्य जवळपास शून्य. कडाक्याच्या भागात लोक त्याच्या आतून पुन्हा फोम उभा करतात. एका हिवाळ्यासाठी तीन हजारांचं व्हिनाइल म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. त्याच ट्रेलरमध्ये तीन-चार हिवाळे काढायचे नक्की असेल तर फोमशी असलेला वर्षाच्या खर्चातला फरक बराच कमी होतो, कारण फोम उन्हाने झिजतो, उंदीर तो कुरतडतात आणि दुसऱ्या वर्षी निम्मे ताव बदलावे लागतात.

पेंढ्याच्या गासड्या सर्वांत स्वस्त, सात ते बारा डॉलरला एक. पण पेंढा पेटतो, भिजला की कुजतो, आणि परिसरातल्या सगळ्या उंदरांना आमंत्रण देतो. अनेक पार्कांत त्याला बंदी आहे. आमच्या ओळखीच्यांना मी पेंढा सुचवत नाही. बर्फ मात्र फुकट आहे आणि कामाचा आहे : भुसभुशीत बर्फ उत्तम दुलई असतो. स्कर्टिंगच्या बाहेरून फावड्याने रेटून ठेवा, फक्त धुराच्या झडपेपर्यंत ढीग चढू देऊ नका.

पार्क निवडतानाच नियम विचारा. काही ठिकाणी ठरावीक तारखेच्या आत स्कर्टिंग सक्तीचं असतं, काही ठिकाणी ठरावीक प्रकारचंच चालतं. आणि विजेचं मीटर वेगळं आहे का, हेही विचारा, कारण खरा खर्च पुढं आहे.

ऊब कुठून आणायची

अनेक ट्रेलरच्या तळाला प्लास्टिकचं आवरण असतं आणि फर्नेसची एक नळी त्या पोकळीत गरम हवा सोडते. विक्रेते याला ‘चार ऋतूंचं पॅकेज’ म्हणतात. ते काम करतं, पण फर्नेस चालू असेल तरच. इथं फार लोक फसतात. प्रोपेन वाचवायला आत विजेचे दोन हीटर लावतात. खोली उबदार राहते, थर्मोस्टॅट समाधानी, फर्नेस चालूच होत नाही, आणि पाइपांना ऊब देणारी नळी थंड पडते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हीटर वापरा, पण रात्री पारा २५ फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तेव्हा थर्मोस्टॅट असा ठेवा की फर्नेस थोड्या-थोड्या वेळाने चालेलच.

प्रोपेनचा हिशेब असा. एक गॅलन म्हणजे साधारण ९१,५०० बीटीयू. ३०,००० बीटीयूचं फर्नेस ३० पौंडी बाटलीवर, म्हणजे सात गॅलनवर, सलग एकवीस तास चालतं. दिवसाला दहा तास चाललं तर दोन दिवसांत बाटली संपते. चार डॉलर गॅलनने महिन्याला चारशे डॉलर. स्कर्टिंगमुळे तेच फर्नेस दहाऐवजी आठ तास चाललं, तर महिन्याला सुमारे ऐंशी डॉलर वाचतात. चार महिन्यांत सव्वातीनशे. म्हणजे फोमचा निम्म्याहून अधिक खर्च त्याच हिवाळ्यात निघतो. पूर्ण हिवाळा एकाच जागी असाल तर गॅसवाल्याकडून मोठी टाकी भाड्याने घ्या. दर गॅलनला कमी पडतो आणि मध्यरात्री उणे २० मध्ये बाटली बदलायला जावं लागत नाही.

स्कर्टिंगच्या आतल्या जागेसाठी स्वतःचा थर्मोस्टॅट असलेला, कलला तर बंद पडणारा छोटा विजेचा हीटर पुरतो : चाळीस ते साठ डॉलर. सोबत तापमानावर चालणारा प्लग घ्या, पंधरा-वीस डॉलरला मिळतो. ३५ फॅरनहाइटला चालू होतो आणि ४५ ला बंद. ७५० वॉटचा हीटर दिवसाला दहा तास चालला तर साडेसात युनिट, १५ सेंटच्या दराने महिन्याला चौतीस डॉलर. तो फरशीच्या तुकड्यावर ठेवा, फोमपासून किमान तीन फूट लांब, कारण फोम जळतो आणि त्याचा धूर घातक असतो. कोंबड्यांच्या खुराड्यात लावतात तसला लाल दिवा लोक टांगतात. तो पडला की आग, म्हणून तो नकोच. प्रोपेनवर चालणारा हीटर तर स्कर्टिंगच्या आत कधीही, कोणत्याही कारणाने ठेवायचा नाही.

यातली एक गोष्ट जिवावरची आहे. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. उघड्या ट्रेलरखाली गळती झाली तर वारा घेऊन जातो. स्कर्टिंग केलं की तोच गॅस खाली साचतो, आणि तिथंच तुमचा हीटर ठिणगी टाकायला बसलेला. म्हणून शेवटचा ताव लावण्याआधी गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा, किंवा कारागिराकडून दाबाची चाचणी करून घ्या. बाटल्या नेहमी स्कर्टिंगच्या बाहेर. आतल्या कार्बन मोनॉक्साइडच्या आणि गॅसच्या भोंग्यांची मागची तारीख वाचा. मुदत उलटली असेल तर नवे घ्या. दोन्ही मिळून शंभर डॉलरच्या आसपास, आणि या सगळ्या यादीत सर्वांत आधी करायची खरेदी ही.

तीस अँपिअरची जोडणी असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात. पंधराशे वॉटचे दोन हीटर आणि वर नळी गरम ठेवणारी वायर लावली की मायक्रोवेव्ह सुरू करताच खटका पडतो, आणि तो रात्री पडला तर सकाळपर्यंत कळत नाही. यावर पंचवीस-तीस डॉलरचा बिनतारी थर्मामीटर घ्या, त्याचा एक सेन्सर तळाशी पाण्याच्या पाइपाजवळ लटकवा आणि आकडा उशाशी दिसू द्या. माझ्या मते व्हिनाइलवर घालवलेल्या दोन हजारांपेक्षा हे तीस डॉलर जास्त पाइप वाचवतात.

नळी आणि नाला

बाहेरची पाण्याची नळी स्कर्टिंगच्या कक्षेत येत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी गोठते. आतून तापणारी २५ फुटी नळी नव्वद ते दीडशे डॉलर. पैसे नसतील तर बिनखर्ची मार्ग आहे : दर तीन-चार दिवसांनी ट्रेलरची स्वतःची टाकी भरायची, नळी काढून, झटकून आत ठेवायची आणि पंपावर चालायचं. आधी ती टाकी उबदार पोकळीत आहे की बाहेर उघडी लटकतेय, ते बघून घ्या.

सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. नळ ठिबकत ठेवला आणि व्हॉल्व्ह उघडा असला, की तो थेंब-थेंब पाइपात गोठत जातो आणि आठवड्याभरात आतून बर्फाचा बोळा बसतो. टाक्या बंद ठेवायच्या, भरत आल्या की एकदम सोडायच्या. व्हॉल्व्हची मूठ ओढता हलेना, तर जोर लावू नका, तार तुटते. केस वाळवायच्या ड्रायरने दहा मिनिटं गरम करा. बाहेरचा लवचीक पाइप सरळ उतरता असावा, मध्ये कुठंही पोट सुटलेलं नको. पूर्ण हिवाळा एका जागी असाल तर त्याऐवजी कडक पीव्हीसी पाइप बसवून घ्या. माल पन्नास-साठ डॉलरचा.

वीज गेली तर हीटर, नळीची वायर, सगळं एकदम थांबतं. फर्नेस प्रोपेनवर असलं तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. तो सात-आठ अँपिअर खातो आणि शंभर अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतले निम्मेच वापरता येतात, म्हणजे सहा-सात तास. जनरेटर असेल तर तो बाहेर, लांब, धूर ट्रेलरकडे येणार नाही असा. नसेल तर पंप बंद करा, तळाचे दोन्ही निचरा-नळ उघडा, सगळे नळ उघडून पाणी उतरू द्या, गरम पाण्याची टाकी रिकामी करा, आणि सिंक, शॉवर व संडासात प्रत्येकी कपभर गुलाबी अँटीफ्रीझ ओता. एक गॅलन घरात कायम असू द्या.